तोंड मिटलेला डोंगर

इटलीतल्या नेपल्समधल्या चार दिवसांच्या मुक्कामातला एक दिवस व्हेसुव्हियस या ज्वालामुखीसाठी राखून ठेवायचा, हे ताईने घरून निघण्यापूर्वीच ठरवून टाकले होते. तिची अट एवढीच होती की सकाळी डोंगर पाहायचा आणि दुपारी त्याने गाडलेले गाव, आणि तेही पॉम्पेई नव्हे तर हर्क्युलेनियम, कारण ते डोंगराच्या वाटेवरच आहे आणि आकाराने लहान असल्यामुळे थकल्या पायांनीही पाहून होते. बहुतेक प्रवासी पॉम्पेईतच दिवस घालवतात आणि डोंगराला छायाचित्राच्या पार्श्वभूमीपुरते ठेवतात. त्या मानाने आमचा बेत थोडा उलटा होता. संध्याकाळी या उलट्या क्रमाचे श्रेय मी तिला मोकळ्या मनाने दिले, पण सकाळी स्टेशनचा जिना घाईघाईने उतरताना तसे काही माझ्या मनात नव्हते.

तिकिटांचे काम माझ्याकडे होते. विवराकडे जाणारी पायवाट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येते आणि तिचे तिकीट तारीख व वेळ निवडून ऑनलाइनच काढावे लागते. दर माणशी दहा युरोंच्या आसपास होता. वर वाहनतळाशी तिकीटखिडकी नाही आणि मोबाइलला सिग्नलही जेमतेम मिळतो, त्यामुळे हे काम मुक्कामाच्या ठिकाणीच उरकून घेणे शहाणपणाचे. खाली बसचे तिकीट घेतले म्हणजे प्रवेशाचेही झाले, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. ही माहिती मी नीट वाचली होती आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही होतो. मात्र अकराची वेळ निवडताना मी ट्रेनची वीस मिनिटे धरली, बसची पस्तीस-चाळीस मिनिटे धरली, पण स्टेशनसमोरून सुटणारी ती लहान बस पुरेशी माणसे जमल्याशिवाय हलत नाही, हे धरले नाही.

डोंगराभोवतीच्या गावांतून जाणाऱ्या या ट्रेनचे नावच ‘सर्कुमवेसुव्हियाना’, म्हणजे व्हेसुव्हियसला वळसा घालणारी. मुख्य स्टेशनच्या खाली, गारिबाल्दीला, ती येते तोवर भरलेली असते. म्हणून आम्ही एक स्टेशन अलीकडे, पोर्ता नोलानाला, जिथून ती सुटते तिथे जाऊन बसलो. खिडकीतून इमारतींच्या पाठी दिसत होत्या, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे होते आणि मधल्या एखाद्या फटीतून डोंगर अचानक समोर येऊन पुन्हा नाहीसा होत होता. नेपल्सच्या बाजूने पाहताना त्याला दोन शेंडे दिसतात. डावीकडची लांबट, करवती कड म्हणजे सोम्मा, आणि उजवीकडचा गुळगुळीत उताराचा शंकू म्हणजे ‘ग्रान कोनो’, ज्याला आज आपण व्हेसुव्हियस म्हणतो. सोम्मा हा जुन्या, कितीतरी मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे आणि आजचा शंकू त्या काठाच्या आत, पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम गाडणाऱ्या इसवी सन ७९ च्या उद्रेकानंतर पुढच्या शतकांत वाढत गेलेला आहे. म्हणजे पॉम्पेईच्या रहिवाशांनी जो डोंगर रोज पाहिला, त्याचे हे रूपच नव्हते. तिथल्या एका घरातले भित्तिचित्र नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यात द्राक्षांच्या घडांनी मढलेला मद्यदेव उभा आहे आणि त्याच्याशेजारी एकच शेंडा असलेला, वेलींनी भरलेला हिरवा डोंगर आहे. आदल्या दिवशी आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे होतो. त्याच डोंगरावर इसवी सनपूर्व ७३ मध्ये रोमविरुद्ध बंड केलेला गुलाम स्पार्टाकस आपल्या साथीदारांसह लपला होता आणि रोमन सैन्याने वाट अडवल्यावर रानटी द्राक्षवेलींचे दोर करून कड्यावरून खाली उतरला, असे प्राचीन चरित्रकार प्लूटार्कने लिहून ठेवले आहे. इथले दगड जळल्यासारखे दिसतात, म्हणजे कधीकाळी इथे आग असली पाहिजे, हे स्ट्रेबो या भूगोलकाराच्या ध्यानात आले होते. पण ती विझली, असेच तोही समजून चालला होता.

हर्क्युलेनियमच्या जागी आज वसलेल्या एर्कोलानो गावातल्या, एर्कोलानो स्काव्ही स्टेशनबाहेरची बस अखेर भरली तेव्हा साडेदहा वाजले होते. गावातले अरुंद रस्ते संपले की चढ आणि वळणे सुरू होतात. मे महिना असल्यामुळे खालच्या उतारांवर जेनिस्ता नावाची पिवळी फुले इतकी दाट होती की त्यांचा गोडसर वास बसच्या उघड्या खिडकीतून आत येत होता. त्याच पिवळ्या रंगात अधूनमधून काळे, निष्पर्ण पाइन उभे होते. ही राखरांगोळी मात्र डोंगराने केलेली नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात लागलेल्या वणव्यात इथले जंगल जळाले, त्याचे हे अवशेष. रस्त्यात ६०८ मीटर उंचीवर एक लालसर जुनी इमारत लागते. जगातली पहिली ज्वालामुखी वेधशाळा ती हीच. बूर्बों घराण्यातला नेपल्सचा राजा दुसरा फर्डिनांड याच्या काळात, १८४१ मध्ये, ती स्थापन झाली. तिचे एक संचालक लुईजी पाल्मिएरी यांनी विजेवर चालणारे भूकंपमापक यंत्र तयार केले होते, आणि १८७२ च्या उद्रेकात इमारतीच्या दोन्ही बाजूंनी लाव्हा वाहत असताना हा गृहस्थ जागा न सोडता नोंदी घेत बसला होता. आज प्रत्यक्ष देखरेख नेपल्स शहरातल्या केंद्रातून चोवीस तास चालते आणि ही इमारत संग्रहालय म्हणून उरली आहे. बस तिथे थांबली नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

एक हजार मीटर उंचीवर रस्ता संपतो. आम्ही फाटकाशी पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा होऊन गेले होते आणि मी मनात माफीची वाक्ये जुळवत होतो. फाटकावरच्या माणसाने तिकिटावरची वेळ पाहिली, माझ्याकडे पाहिले, ताईच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे पाहिले आणि काही न बोलता हाताने आत जाण्याची खूण केली. बाजूला एक तरुण जोडपे फोन उंच धरून सिग्नल शोधत उभे होते. त्यांच्याकडे फक्त बसची तिकिटे होती. उशिरा आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या चुकीने बरे वाटू नये, पण वाटले.

वाटेच्या तोंडाशी लाकडी काठ्यांचा ढीग होता. त्या घ्याव्यात. परतताना काठी जागेवर ठेवून एखादे नाणे द्यायचे असते, आणि उतरताना तिची किंमत कळते. चढ तसा फार नाही. दीडशे-पावणेदोनशे मीटर उंची अर्ध्या तासात, रेंगाळत गेले तर पाऊण तासात चढून होते. अडचण आहे ती पायांखालच्या जमिनीची. वाट रुंद आहे, पण ती मातीची नाही आणि खडकाचीही नाही. ज्वालामुखीने उडवलेल्या वाटाण्याएवढ्या, बोराएवढ्या सच्छिद्र खड्यांचा तो जाड थर आहे, त्यामुळे प्रत्येक पाऊल टाकले की किंचित मागे घसरते. एक खडा मी उचलून पाहिला. दिसायला दगड, वजनाला भाजक्या विटेच्या तुकड्याहून हलका, आणि सर्वांगाला बारीक भोके, म्हणजे आतला वायू बाहेर पडत असतानाच थिजलेल्या फेसासारखा. त्यातले काही खडे काळे होते आणि काही गंजासारखे तांबडे. गरम असताना हवेशी गाठ पडून त्यातल्या लोहाला खरोखरच गंज चढतो, म्हणून तो रंग. हे मी ताईला समजावून सांगत होतो तेव्हा ती म्हणाली, “तू बोल, मी श्वास घेते.”

पहिल्या मोठ्या वळणावर ती थांबली आणि थांबल्यामुळेच आम्हाला खालची दरी दिसली. सोम्माचा उभा कडा आणि शंकूचा उतार यांच्यामध्ये एक रुंद खोलगट पट्टा आहे आणि त्यात १९४४ चा लाव्हा पसरून थिजलेला आहे. तो काळाकुट्ट असेल अशी माझी कल्पना होती, पण तो चांदीसारखा करडा दिसत होता. नव्या लाव्हावर सगळ्यांत आधी रुजते ते एक दगडफूल, आणि या दगडफुलाच्या शास्त्रीय नावातच व्हेसुव्हियस आहे: स्टेरिओकॉलॉन वेसुव्हियानम. बुरशी आणि शैवाल यांच्या या भागीदारीला माती लागत नाही. ते दगडावरच वाढते, दगड हळूहळू कुरतडते आणि पुढच्या रोपट्यांसाठी चिमूटभर माती तयार करते. ऐंशी वर्षांत त्याने अख्खा ओघ झाकला होता आणि फटींतून जेनिस्ताची झुडपे वर आली होती.

पूर्वी हा चढ चढावा लागत नसे. १८८० मध्ये इथे दोरावर ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली होती, ती १९४४ च्या उद्रेकात गेली. नंतर १९५३ पासून खुर्च्यांचा पाळणा होता, तोही १९८४ मध्ये बंद पडला. हे ऐकल्यावर ताईने आपण चाळीस वर्षे उशिरा आलो, असा शेरा मारला आणि काठी टेकत पुढे निघाली.

काठावर पोहोचलो आणि काहीच दिसेना. कठड्यापलीकडे सगळे पांढरे होते. समुद्राकडून आलेली दमट हवा उतारावरून वर चढते, थंड होते आणि नेमकी शेंड्याशी ढग होऊन बसते. विवर म्हणजे त्या ढगासाठी तयार वाटीच. वारा गार होता, खाली टी-शर्टमध्ये घाम आलेली माणसे इथे हात काखेत घालून उभी होती. आमच्या पुढचा एक मोठा गट पाच मिनिटे थांबला, पांढऱ्या भिंतीसमोर छायाचित्र काढून घेतले आणि परत फिरला, कारण त्यांची बस ठरलेल्या वेळी सुटणार होती. आमचीही परतीची वेळ तिकिटावर लिहिलेली होती. ताई मात्र एका दगडावर बसली आणि हलायला तयार होईना. “इथवर आलोय, ते उघडल्याशिवाय मी उठायची नाही,” एवढेच ती म्हणाली.

चाळीस मिनिटे आम्ही त्या ढगासमोर बसलो. या वेळात एकच गोष्ट लक्षात आली. दिसत काही नव्हते, पण ऐकू येत होते. मधूनच आत कुठेतरी एखादा दगड सुटायचा, दोन-तीनदा आपटायचा, मग बारीक खडीची सरसर ऐकू यायची आणि थांबायची. त्या आवाजावरून खोलीचा अंदाज येत होता. आणि वारा विशिष्ट दिशेने फिरला की क्षणभर गंधकाचा पुसटसा वास यायचा, काडी पेटवून विझवल्यावर येतो तसा.

मग ढग फाटला. वर जाण्याऐवजी तो खालून उसवत गेला: आधी पलीकडच्या भिंतीचा पाया दिसला, मग तिचे पट्टे, मग वरची कड, आणि एकदम समोर सुमारे साडेचारशे मीटर रुंद आणि तीनशे मीटर खोल असा खड्डा उभा राहिला. लाव्हा नाही, उकळी नाही, लाल काही नाही. तळाशी कड्यांवरून कोसळलेल्या दगडांचा चुरा आहे आणि त्यातही कुठे कुठे हिरवे ठिपके आहेत. भिंतींमध्ये राखाडी लाव्हाचे जाड थर आणि त्यांच्यामध्ये खडीचे तांबूस, पिवळट थर, एकावर एक असे रचलेले दिसतात. आतल्या उतारावर दोन-तीन ठिकाणी वाफ निघत होती, पण ती किती, तर लांबून उदबत्तीच्या धुराएवढी. आमच्याजवळ उभा असलेला एक लहान मुलगा आईला काहीतरी विचारून हिरमुसला. भाषा कळली नाही, तरी प्रश्न कळला. खरे सांगायचे तर पहिल्या मिनिटाला माझीही तीच अवस्था होती.

माझी समजूत घातली ती काठावर उभ्या असलेल्या उद्यानाच्या मार्गदर्शकाने. तो इंग्रजीत सावकाश, जणू पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा बोलत होता. १६३१ मध्ये मोठा उद्रेक झाला आणि हजारो माणसे मेली. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे हा ज्वालामुखी जवळजवळ उघडाच होता; लहानमोठे उद्रेक सतत होत, लोक दुरून बघायला येत, आतला दाब त्या उघड्या वाटेने निघून जाई. मार्च १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, शेवटचा उद्रेक झाला. सान सेबास्तियानो आणि मास्सा या गावांत लाव्हा शिरला, राखेच्या भाराने दुसरीकडची छपरे कोसळून माणसे दगावली, आणि तेर्झिन्योजवळच्या धावपट्टीवर उभी असलेली अमेरिकी बॉम्बफेकी विमाने गरम राखेखाली निकामी झाली. उद्रेक संपताना विवराच्या भिंती आत ढासळल्या आणि नळी बुजली. तेव्हापासून डोंगर गप्प आहे. “तुम्ही खाली बघता आहात तो चुरा म्हणजे बूच आहे,” असे तो म्हणाला, आणि मग हाताने खड्ड्याकडे पाठ फिरवायची खूण करून त्याने आम्हाला बाहेरच्या बाजूला वळवले.

बाहेर आता ऊन पडले होते. उतार जिथे संपतो तिथून थेट समुद्रापर्यंत घरेच घरे होती. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी चौकोनांचा तो पट्टा उजवीकडे नेपल्सपर्यंत आणि डावीकडे तोर्रे देल ग्रेकोच्या पुढेपर्यंत कुठेही न तुटता गेलेला होता. तो काठ दाखवत त्याने सांगितले की धोक्याच्या तांबड्या पट्ट्यात पंचवीस गावे-शहरे येतात आणि सुमारे सात लाख माणसे राहतात. डोंगर जागा होण्याची चिन्हे पक्की झाली की ७२ तासांत हा सगळा प्रदेश रिकामा करायची योजना आहे: पहिले बारा तास तयारीचे, पुढचे अठ्ठेचाळीस निघण्याचे आणि शेवटचे बारा राखीव. कोणत्या गावच्या लोकांनी इटलीच्या कोणत्या प्रांतात आसरा घ्यायचा, हेही ठरलेले आहे. सकाळी एका लहान बसला चाळीस माणसे जमेपर्यंत किती वेळ लागला होता, ते मला आठवले.

त्याने पश्चिमेला आखाताच्या पलीकडचे एक टोकही दाखवले. ते मिझेनो. तिथूनच सतरा वर्षांच्या धाकट्या प्लिनीने, पुढे रोमन लेखक झालेल्या, ७९ साली डोंगरावर उठलेला ढग पाहिला आणि नंतर इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात त्याला छत्रीसारख्या पसरणाऱ्या पाइन वृक्षाची उपमा दिली. आरमाराचा प्रमुख असलेला त्याचा मामा जहाजे घेऊन मदतीला आला आणि स्टाबियाच्या किनाऱ्यावर मरण पावला. त्या टोकाच्या अलीकडचा सपाट, निरुपद्रवी दिसणारा प्रदेश म्हणजे काम्पी फ्लेग्रेई. तोही ज्वालामुखीच आहे, फक्त त्याला डोंगर नाही. तिथल्या पोझुओली गावाची जमीन १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत माणूसभर उंच उचलली गेली होती. व्हेसुव्हियसची इशारापातळी आज हिरवी आहे आणि काम्पी फ्लेग्रेईची २०१२ पासून पिवळी. शास्त्रज्ञांची काळजी सध्या तिकडे अधिक आहे, असे तो म्हणाला, आणि आम्ही सगळेच जण शंकू नसलेल्या त्या ज्वालामुखीकडे अंमळ संशयाने पाहू लागलो.

उतरणे चढण्यापेक्षा अवघड गेले. खडे चाकांसारखे पायांखालून सरकतात. टाचा रोवून, काठी पुढे टेकून, बाजूबाजूने उतरावे लागते. ताईने हे तंत्र माझ्या आधी आत्मसात केले. मी दोनदा बसलो. आमची बस अर्थातच निघून गेली होती, पण पुढच्या बसच्या चालकाने तीच तिकिटे चालवून घेतली.

एर्कोलानोच्या स्टेशनपासून समुद्राकडे सरळ उतरणारा रस्ता दहा मिनिटांत उत्खननाच्या फाटकाशी येतो. हर्क्युलेनियम शोधून काढायला कोणी निघाले नव्हते. १७०९ च्या सुमारास विहीर खणताना तिथल्या नाट्यगृहाचे संगमरवर हाती लागले आणि १७३८ मध्ये राजाच्या आज्ञेने रीतसर खोदकाम सुरू झाले. पॉम्पेई विवराच्या आग्नेयेला आहे आणि त्या दिवशी, ७९ सालच्या उद्रेकात, वारा तिकडे वाहत होता, म्हणून पहिले अनेक तास दगड आणि राख तिथे पडत राहिली. पश्चिमेकडच्या या गावावर सुरुवातीला फारसे काहीच पडले नाही. मध्यरात्रीनंतर वर गेलेला राखेचा खांब ढासळला आणि तप्त वायू व राख यांचा लोट उतारावरून काही मिनिटांत इथे पोहोचला. असे लोट एकामागून एक आले आणि त्यांचा सुमारे वीस मीटरचा थर बसला. त्या उष्णतेने लाकूड जळून न जाता कोळसा झाले, त्यामुळे दारे, तुळया, पलंग, घडीचे लाकडी आडपडदे अजून जागेवर आहेत. एका दाराच्या चौकटीपाशी मी वाकून पाहिले. कोळशावर लाकडाच्या रेषा आणि गाठ जशीच्या तशी होती.

गाव पाहून आम्ही जुन्या किनाऱ्याच्या पातळीवर उतरलो. समुद्र आता तिथे नाही, तो कितीतरी दूर सरकला आहे. बोटी ठेवायच्या कमानींची एक रांग आहे. १९८० च्या दशकापासून या कमानींत आणि समोरच्या वाळूवर सुमारे तीनशे माणसांचे सांगाडे सापडले. ती बोटींची वाट पाहत इथे थांबली होती. कमानींकडे तोंड करून उभे राहिले की पाठीशी त्या थराची उभी भिंत येते. करडी, एकसंध, खणताना उठलेल्या कुदळीच्या खुणा असलेली. तिच्या माथ्यावर आजचे एर्कोलानो सुरू होते: चार-पाच मजली इमारती, डिश अँटेना, गॅलऱ्या. गावाचा बराच भाग अजून त्या इमारतींखालीच आहे आणि त्या तिथे असेपर्यंत तो खणता येणार नाही.

ताई भिंतीची उंची डोळ्यांनी मोजत होती. तेवढ्यात वरच्या एका गॅलरीत एक बाई आली, तिने सतरंजी कठड्यावर टाकली आणि दोन्ही हातांनी झटकायला सुरुवात केली. धूळ उन्हात चमकत खाली आली आणि भिंतीच्या माथ्यावर बसली.